लाकूड गातं म्हणे!

"हिचं लाकूड बदलून मिळेल का?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. विचारणारे गृहस्थ पतपेढीत नोकरीला. बरोबर सोळा वर्षांचा मुलगा, मुलाच्या खांद्यावर चौदा हजारांची इलेक्ट्रिक गिटार. मी पुण्यात गिटारी दुरुस्त करतो, तेही हौसेखातर. पोटासाठी तीस वर्षं एका कारखान्यात मोटारी आणि पॅनेल सांभाळली, त्यामुळे गुंडाळ्या, चुंबक, वीज ही मंडळी माझ्या रोजच्या ओळखीची. लाकूड बदलून देता येत नाही असं मी सांगितलं, तेव्हा मुलाचा चेहरा इतका पडला की मला कारण विचारावं लागलं.

कारण असं की त्याच्या सरांनी गिटार हातात घेतली, बॉडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला. "बासवुड. मुकं लाकूड आहे. यातून सूर निघायचा नाही. महोगनीची घे. लाखभर जातील, पण जन्माची सोय होईल."

हे सर मला ठाऊक आहेत. गेली तीसेक वर्षं शिकवतात, त्यांच्या हाताला गोडवा आहे, आणि मध्यंतरी एका कार्यक्रमात त्यांनी हाच सिद्धांत तासभर मांडला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. त्या वेळी हात वर करायला हवा होता. केला नाही, म्हणून आता हा लेख.

सरांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो. एक, प्रत्येक लाकडाचा स्वतःचा आवाज असतो: महोगनी उबदार, मेपल लखलखीत, अ‍ॅश कुरकुरीत. दोन, तंबोरा-सतार करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, इलेक्ट्रिक गिटार त्याला अपवाद कशी असेल? तीन, ज्याला हा फरक ऐकू येत नाही त्याचा कान तयार नाही. तिसरा मुद्दा फार सोयीचा आहे, कारण उत्तर देणाऱ्याचा कान बोलण्याआधीच बाद होतो. तो मी शेवटी घेईन.

आधी यंत्र पाहू. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरून पोलादाची तार जाते. चुंबकाच्या सहवासाने तिच्यातही थोडं चुंबकत्व येतं. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वेढ्यांत वीज उपजते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. आमच्या कारखान्यातला जनरेटरही त्यावरच चालायचा, आणि त्याच्या पायाखालचा चौथरा कुठल्या दगडाचा आहे हे कुणी विचारत नसे. पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. त्याला आवाज ऐकू येत नाही, फक्त लोखंडाची हालचाल कळते. सरांनी नायलॉनच्या तारा चढवून जीव ओतून वाजवावं, अ‍ॅम्पमधून घरघरीपलीकडे काही यायचं नाही. (अपवाद सांगून टाकतो. मेणात न बुडवलेल्या जुन्या पिकअपची गुंडाळी सैल असते, तिच्यावर टिचकी मारली तर ऐकू येते. पण हा पिकअपचा दोष आहे, आणि तो घालवण्यासाठीच मेण वापरतात.)

यावर सर म्हणतील, तार लाकडालाच बांधलेली आहे ना? लाकूड हलतं, ते तारेला हलवतं, म्हणून तारेची हालचाल लाकडाप्रमाणे बदलते. वाद खरा इथे आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

दहाच्या मापाची सगळ्यात पातळ तार, जेवढी कंप पावते तेवढा भाग, भरते जेमतेम पाव ग्रॅम. बॉडी आणि मान मिळून साडेतीन किलो. चिलटाने म्हशीला ढकलावं तसा हा मामला. तारेची लहर ब्रिजपाशी पोचते, तिथे तिला भिंत भेटते, आणि जवळजवळ सगळी शक्ती ती परत घेऊन जाते. जी थोडी निसटते ती लाकडात जाऊन उष्णता होते. निसटलेली शक्ती तारेकडे नव्याने भरून परत येत नाही. लाकूड तारेकडून घेऊ शकतं, पदरचं काही घालू शकत नाही. जे लाकूड हाताखाली छान थरथरतं, ज्याच्यावर दुकानदार पोट टेकवून बघायला सांगतो, ते तुमच्या स्वराची आस, म्हणजे त्याचं टिकणं, खात असतं. तरीही थरथर जाणवली की माणसाला वाटतं, वाद्य जिवंत आहे. असेल, पण ती थरथर पोटाला कळते, पिकअपला नाही.

आणि भरीव इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली तीच मुळी ही थरथर मारण्यासाठी. रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली बाजारात आली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन धाटणीची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, आकाराने हुबेहूब तव्यासारखी. लोक तिला फ्राइंग पॅनच म्हणत. जॉर्ज बोशॅम्पला तिचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं. या वंशाच्या मूळपुरुषाच्या अंगात लाकूड नव्हतं. मग १९४०च्या सुमारास लेस पॉल या गिटारवादकाने न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, बांधकामात खांबाला वापरतात तसला, आणि त्यावर मान, ब्रिज, पिकअप बसवले. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती अ‍ॅम्पच्या आवाजाने स्वतःच घुमायला लागायची. ओंडका घुमत नव्हता, हेच त्याला हवं होतं. त्याने पुढे स्वतः सांगितलेली गंमत अशी की नुसता ओंडका वाजवला तेव्हा लोकांनी फारशी दाद दिली नाही. मग त्याने एक एपिफोन गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याला पंखांसारखे जोडले, तेव्हा लोक खूश झाले. आवाज तोच होता.

बरं, मग अ‍ॅश, आल्डर, महोगनी ही नावं शास्त्रात आली कुठून? लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने टेलिकास्टरच्या घराण्याचे पहिले नमुने पाइनमध्ये केले, मग अ‍ॅश घेतलं, आणि १९५६च्या सुमाराला स्ट्रॅटोकास्टरसाठी बहुतेक आल्डरवर आला. कारण रंगकामाचं होतं. अ‍ॅशचे रेषे उघडे, ते भरून काढायला वेळ जातो. आल्डर बंद रेष्यांचं, पटकन रंगतं. फिकट, आरपार दिसणारा रंग द्यायचा असेल तर मात्र अ‍ॅशच, कारण त्याच्या रेषा देखण्या. गिब्सनकडे महोगनी होती कारण मँडोलिन-गिटारींच्या कारखान्यात ती आधीपासून होती, खात्रीची होती आणि रंध्याखाली गुणी होती. कारखानदाराने सोयीने उचललेलं लाकूड, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी त्याची उपनिषदं लिहिली!

सरांनी त्या दिवशी गिब्सनच्या १९५९च्या 'लेस पॉल' गिटारचं नाव घेतलं तेव्हा सभागृहात उसासा उमटला. आज ती कोट्यवधींना जाते, हे खरं. पण १९५८ ते ६० या काळात ती इतकी कमी खपली की गिब्सनने तिचा घाट बंद करून दोन शिंगांची नवीन गिटार काढली. त्या 'स्वर्गीय' लाकडाचा आवाज त्या वेळच्या गिऱ्हाइकांना ऐकू आला नव्हता की काय? मग १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या तबकडीसाठी सनबर्स्ट लेस पॉल मार्शल अ‍ॅम्पला जोडली, अ‍ॅम्प भरपूर फोडून वाजवला, आणि जगाला साक्षात्कार झाला. अ‍ॅम्पचं श्रेय ओंडक्याला मिळालं.

आणि ज्यांना सर स्वतः मानतात त्यांनी काय वाजवलं? जिमी पेजने मंचावर डॅनइलेक्ट्रो वाजवली. तिची बॉडी म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेलं मेसोनाइट, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला पुठ्ठ्याचा मोठा भाऊ. कीथ रिचर्ड्स १९६९च्या अमेरिका दौऱ्यात डॅन आर्मस्ट्राँगची पारदर्शक प्लॅस्टिकची गिटार घेऊन उभा होता. या गिटारमध्ये पिकअप सरकवून क्षणात बदलता येत असे. तिचा आवाज कुठून येतो हे तिच्या रचनाकाराला पक्कं ठाऊक होतं. ब्रायन मेची रेड स्पेशल तर कुणी विसरूच नये. १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर ती घरी करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या फळीची, त्यातली किड्यांची भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वर महोगनीचा पातळ पापुद्रा. ट्रेमोलोला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. त्या गिटारचा आवाज डोळे मिटून ओळखू येतो, आणि कशामुळे तेही सांगता येतं: तीन बर्न्स पिकअप एकामागे एक जोडलेले, प्रत्येकाला चालू-बंदची आणि कला उलटवण्याची वेगळी कळ, पुढे ट्रेबल बूस्टर, त्यापुढे व्हॉक्स एसी-३०, आणि तारेवर प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं. त्या काड्यांना मात्र अजून कुणी सुरेल म्हटलेलं नाही.

आता मिरजेकडे. सरांचा हा दुसरा, तंबोरा-सतारीचा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि त्याचा अर्थ त्यांनी सगळ्यात उलटा लावलाय. मिरजेत सतारमेकर गल्लीत मी दोनदा जाऊन बसलोय. तंबोरा तिथेच का करावा हे बघितल्यावर कळतं. पंढरपूरकडचा वाळवलेला भोपळा, तुणीची तबली, पोकळ दांडी. इथे लाकडाची निवड, त्याची जाडी, ते किती वर्षं वाळलं, सगळ्याला अर्थ आहे, कारण तंबोऱ्यात तारेची शक्ती घोडीतून तबलीत जाते, तबली हवा ढकलते आणि ती हवा आपल्या कानाशी येते. मधे दुसरा कुणी नाही. तबली वाईट असेल तर ऐकायलाच काही उरत नाही. तंबोऱ्याने शक्ती बाहेर टाकायची असते, भरीव गिटारने ती कोंडून धरायची असते. दोन्ही तंतुवाद्यं म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावणं म्हणजे चूल आणि फ्रिज दोन्ही स्वयंपाकघरात असतात म्हणून फ्रिजला फुंकणी लावण्यासारखं आहे.

पण मिरजेत मी जे पाहिलं त्यातला कळीचा भाग सरांनी सांगितलाच नाही. तंबोरा तयार झाला, लाकूड-भोपळा-पॉलिश सगळं झालं, तरी तो अजून बोलत नसतो. मग कारागीर जवारी लावायला बसतो. घोडीचा माथा कानशीने इतका अलगद उतरता करतो की तार पुढच्या कडेवरून एकदम न सुटता त्या उतारावर घासत-निसटत जाते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधतो. दोरा केसभर इकडे, आवाज बंद. केसभर तिकडे, उघडा, झंकारणारा. लाकूड तेच, भोपळा तोच, तारा त्याच. बदललं ते फक्त तार जिथे टेकते तिथलं भूमितीचं गणित. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते यथायोग्यच. पण त्या घराण्यांकडून इलेक्ट्रिक गिटारवाल्याने शिकायचं असेल तर धडा तुणीच्या लाकडाचा नाही, जवारीचा आहे.

आणि तो धडा एका अमेरिकन कंपनीने शिकला होता, असं म्हटलं तर सर चकित होतील. १९६७ साली डॅनइलेक्ट्रोच्या घरातून कोरल इलेक्ट्रिक सितार बाहेर पडली. न्यूयॉर्कचा वादक व्हिन्सेंट बेल त्यामागे होता. गिटारसारखीच सहा तारांची मान, बाजूला तरफेच्या तेरा तारा, आणि ब्रिजच्या जागी जवळजवळ सपाट पट्टी, जिच्यावर तार झणझणत घासावी. बाकी सगळं गिटारचंच. तरी आवाज ऐकून कुणीही सतार म्हणावं (मिरजकर म्हणणार नाहीत, पण ते असो). स्टीली डॅनच्या १९७२च्या 'डू इट अगेन'मधला एकल तुकडा याच वाद्यावरचा. एक पट्टी सपाट केली आणि वाद्याची जात बदलली. हार्डवेअरचा परिणाम म्हणतात तो असा असतो.

म्हणून बांधणी आणि हार्डवेअरने आवाज बदलतच नाही, असं मी म्हणत नाही. भरपूर बदलतो, पण सर दाखवतात तिथे नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय.

पिकअप कुठे बसवलाय हे घ्या. स्ट्रॅटोकास्टरची तार साडेपंचवीस इंच. मानेजवळचा पिकअप ब्रिजपासून जवळपास एक चतुर्थांश अंतरावर, सव्वासहा-साडेसहा इंचांच्या मधे. मोकळ्या तारेचा चौथा आंशिक स्वर तिथेच स्थिर असतो, तार तिथे त्या स्वरापुरती हलतच नाही, म्हणून पिकअपला तो ऐकूच येत नाही. ब्रिजजवळचा पिकअप तारेच्या टोकापाशी, तिथे मूळ स्वराची हालचाल थोडी, वरच्या आंशिक स्वरांची तुलनेने जास्त, म्हणून आवाज टोकदार. एकाच गिटारमध्ये कळ फिरवली की मिळणारा हा फरक जगातल्या कुठल्याही दोन लाकडांतल्या कथित फरकाच्या कितीतरी पट आहे. रोज ती कळ फिरवूनही माणसं लाकडाची चर्चा करतात.

मग गुंडाळी आणि केबल. इथे मी जरा रमणार आहे, क्षमा असावी. स्ट्रॅटच्या पिकअपची प्रेरकता साधारण २.४ हेन्री धरा. केबल आणि इतर मिळून धारकता ७०० पिकोफॅरड. या दोघांच्या संगतीने सुमारे ३,९०० हर्ट्‌झपाशी एक शिखर तयार होतं; त्याच्या खालचं सगळं पुढे जातं, शिखरापाशी उठाव मिळतो, वरचं गळतं. आता त्याला सहा मीटर जास्त केबल जोडा. दर मीटरला शंभर पिकोफॅरड धरले तर धारकता १,३०० होते आणि शिखर २,८५०च्या आसपास उतरतं. आता दुसरं गणित करा. गिब्सनचा जुन्या धर्तीचा हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), प्रेरकता ४.४ हेन्री, आधीचीच छोटी केबल. शिखर येतं २,८७० हर्ट्‌झला. म्हणजे नुसत्या लांब केबलने स्ट्रॅटचं शिखर हंबकरच्या दाराशी जाऊन बसतं! पूर्ण हंबकर होत नाही, दोन गुंडाळ्यांची गोष्ट वेगळीच आहे, पण 'उबदार' हा शब्द सुचायला एवढं पुरतं. जिमी हेंड्रिक्स टेलिफोनसारख्या गुंडाळीच्या लांबलचक केबल वापरत असे. त्याच्या आवाजातली ती कातरलेली धार काही अंशी तिथली आहे. हा फरक मला ऐकू येतो, सरांना ऐकू येईल, आणि तो बघायला परदेशी लाकूड लागत नाही.

आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटचं तेच. सिंगल कॉइलला, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला, २५० किलोओहमचा, हंबकरला ५०० किलोओहमचा. तो उलटा लावला की गिटार एक तर मंद होते किंवा कर्कश. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडऐवजी ०.०२२चा घातला तर टोन बंद केल्यावरही काही कळतं. हे भाग तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतात. शिवाय शेवटी आवाज बारा इंची स्पीकरमधून येतो आणि असला स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही देतच नाही. 'मेपलची लखलख' ज्या उंचीवर आहे म्हणतात, तिथली बरीचशी वाटच स्पीकर बंद करून बसलेला असतो.

नटबद्दल दोन वाक्यं. हाडाचा नट लावा, पितळेचा लावा, सत्तरीच्या दशकात पितळेची साथच आली होती. पण कुठल्याही फ्रेटवर बोट ठेवलं की नट तारेच्या बाहेर गेला. मोकळ्या तारा सोडून तो काही बोलत नाही. सॅडलचं थोडं जास्त महत्त्व आहे, कारण ते कायम तारेच्या टोकाशी असतं: सैल स्क्रू झणझणतो, मऊ पदार्थ वरचे आंशिक स्वर थोडे खातो. पण तिथेही किंमत बसण्याला आहे, धातूच्या कुळाला नाही.

आता कबुली. लाकडाने काहीच होत नाही, असं म्हणणारी जी नवीन मंडळी आहेत, त्यांच्या पंगतीतही मला बसायचं नाही. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकाने २०२१ मध्ये दोन बाकांच्या मधे तारा ताणल्या, त्याखाली पिकअप धरला, बॉडी नाही, मान नाही, आणि त्याच्या टेलिकास्टर-धाटणीच्या गिटारच्या अगदी जवळचा आवाज काढून दाखवला. प्रयोग सुरेख. पण त्यावरून 'गिटार म्हणजे फक्त पिकअप' असं ओरडत सुटणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, ते बाक जड आणि ठाम होते. मान तशी नसते. मान म्हणजे एका टोकाला धरलेली लांब, बारीक पट्टी, आणि तिच्या स्वतःच्या कंपनाच्या जागा असतात. वाजवलेला स्वर नेमका त्या जागी पडला की मान तो गिळते. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन त्स्विकर यांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मोजमाप करून हे दाखवलंय. ब्रिजपेक्षा मानेकडून शक्ती जास्त निसटते. बेस वाजवणाऱ्यांना हे मोजमापाशिवाय ठाऊक आहे. फेंडर बेसच्या पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एक स्वर असा मरतो की ज्याचं नाव ते. मी स्वतः हेडस्टॉकला सुताराचा छोटा शिकंजा लावून पाहिलाय: मेलेला स्वर उठतो आणि शेजारचा एखादा मरतो. म्हणजे मानेचा ताठरपणा आणि वजन ऐकू येतं, मुख्यतः आसेच्या रूपात, तेही एखाद-दुसऱ्या स्वरापुरतं. पण ही त्या एका फळीची गोष्ट आहे, जातीची नाही. एकाच मेपलच्या फळीतून शेजारी-शेजारी कापलेल्या दोन माना इथे वेगळं वागतात. टकटक करून जात सांगणाऱ्या सरांना याचा आधार मिळत नाही.

आणि मीही या देवाला नवस बोललेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वी परदेशातून स्वॅम्प अ‍ॅशची बॉडी मागवली. जकात आणि कुरिअर धरून माझा त्या वेळचा एक पगार. जुन्या गिटारचं सगळं सामान काढून तिच्यावर चढवलं, वाजवलं आणि तरंगायला लागलो. तीन आठवडे भेटेल त्याला सांगत होतो की लाकूड काय चीज आहे. मग जुनं ध्वनिमुद्रण आणि नवं एकापाठोपाठ लावायची दुर्बुद्धी सुचली. फरक होता. तो शोधता-शोधता कळलं की नवीन बॉडीत पिकअप दीड मिलिमीटर वर बसला होता. तो मोजून खाली केला, पुन्हा मुद्रित केलं, आणि मला ओळखता येईना. बायकोला दोन्ही ऐकवले. ती म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत. पगार कुठल्यात गेला?"

सरांचा तिसरा मुद्दा, कानाचा, इथेच संपतो. माझा कान बिनतोड फरक ऐकत होता. फक्त त्याला कारण चुकीचं सुचलं होतं. आवाज थोडा मोठा झाला की तो 'भरदार' वाटतो. तारा नव्या असल्या की 'चमक' येते. आणि खिशातून पैसे गेले असले की दोन्ही येतं.

हे सगळं दुकानातलं गोड खोटं म्हणून सोडून दिलं असतं. सोडत नाही, कारण या खोट्याची मुळं आमच्या डोंगरात उतरलीत. फ्रेटबोर्डला ज्याला रोझवुड म्हणतात ते बहुतेक वेळा आपलं शिसव आहे, डालबर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीच्या रानातलं. आजोबांच्या पलंगाचं लाकूड. ब्राझीलचं रोझवुड दुर्मीळ व्हायला लागल्यावर साठच्या दशकात फेंडर-गिब्सन दोघेही याच्याकडे वळले. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने गिब्सनच्या कारखान्यांवर धाड घातली, ती भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्यांपायी. पुढच्या वर्षी मादागास्करच्या एबनीवरून तीन लाख डॉलर दंडावर तडजोड झाली आणि भारतातलं लाकूड परत मिळालं. मग २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाचं अख्खं कुटुंब आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत गेलं. वाद्यवाल्यांनी बराच आरडाओरडा केल्यावर २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली.

मधल्या काळात फेंडरने मेक्सिकोतल्या गिटारींना पाव फेरो या दुसऱ्या लाकडाचं फ्रेटबोर्ड लावलं. लोक हळहळले, आवाज गेला म्हणाले. अहो, तार फ्रेटबोर्डला टेकतच नाही! ती टेकते धातूच्या फ्रेटला. त्याखाली पाच-सहा मिलिमीटरची शिसवी पट्टी असते, बोटांना गुळगुळीत लागावी आणि घासून जाऊ नये म्हणून. त्या कामाला ती अव्वल आहे, तेवढं श्रेय तिला द्या आणि एवढ्यासाठी पन्नास-साठ वर्षांचं झाड पाडायचं की नाही ते ठरवा. 'शिसवीची ऊब' म्हणून विकायचं असेल, तर पाडणाऱ्याने त्या झाडाला तरी खरं सांगावं.

त्या मुलाची गिटार मी ठेवून घेतली. तारा तीन वर्षांच्या, गंजलेल्या. पिकअप इतके वर की चुंबक जाड तारांना ओढत होते आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर लडबडत होता. टोनचा पॉट आत शून्यावरच अडकलेला, म्हणजे टोन कायमचा बंद. हेच ते 'मुकेपण'. पॉट बदलला, पिकअप खाली केले, नटच्या खाचा साफ केल्या, तारा घातल्या. एकूण हजार रुपयांच्या आत. मुलगा वाजवायला बसला आणि पंधरा मिनिटं उठला नाही. वडील जिन्यात उभे राहून ऐकत होते. जाताना मुलाने विचारलं, "सरांना काय सांगू?"

सरांना मीच सांगतो. सर, एका रविवारी माझ्या पोटमाळ्यावर या. पडद्यामागे चार गिटारी ठेवतो: महोगनी, अ‍ॅश, बासवुड, आणि चौथी जुन्या दाराच्या फळीची, ती मी स्वतः केलीय. तुमचाच एखादा विद्यार्थी वाजवेल, तुम्ही निवडाल तो. प्रत्येक गिटार पाच वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकून. तुम्ही फक्त लाकडाचं नाव सांगायचं. वीसपैकी पंधरा बरोबर आली तर हा लेख मी त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावरून मागे घेईन, आणि ती स्वॅम्प अ‍ॅशची बॉडी तुमची. अटी एवढ्याच: तारा नव्या आणि एकाच पाकिटाच्या, पिकअप एकच, प्रत्येक गिटारमध्ये तोच बसवायचा, उंची पट्टीने मोजून. अ‍ॅम्पला कुणी हात लावायचा नाही. आणि केबल एकच. ती मी हातात धरून बसेन.